नागाहामाच्या एकसष्ट लढती

अल कुसैस, दुबई
१४ जानेवारी २०२५

रफिकभाऊ,

पत्र लिहायची मला सवय नाही, त्यामुळे मायना चुकला तर हसू नका. हसणारच, पण मला कळू देऊ नका. ऑपरेशनमध्ये तुमचा आवाज गेल्यापासून फोनचा उपयोग नाही, आणि मोबाइलवर टाइप करणं तुम्हाला कमीपणाचं वाटतं. ओवेस म्हणाला, "काकी, अब्बांना कागदावर लिहा, लगेच उत्तर येईल." तो शुक्रवारी गावी निघालाय, त्याच्याच हाती हे देते. पुढे जाणारं-येणारं कुणी मिळेल तसं बघू. सोबत खजूर आहेत. आज संक्रांत, पण यंदा आमच्याकडे सण नाही, म्हणून तिळगूळ नाही. तेव्हा गोड बोलायची सक्ती तुमच्यावर नाही.

ह्यांना जाऊन तीन महिने होतील. मागच्या आठवड्यात आमच्या अंतराने ह्यांचं कपाट आवरायला काढलं. कपडे दिले. खालच्या खणात ती जपानी वही आणि ह्यांची अकरा लाँगबुकं निघाली. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मला जेवढं समजलंय ते लिहिते. चुकलं तर सांगा.

२००६ साली तुम्ही दोघं कामाला होतात त्या शारजाच्या जुन्या इंजिनांच्या यार्डात, जपानहून आलेल्या एका जुन्या गाडीच्या हाफ-कटमध्ये, म्हणजे कापून आणलेल्या पुढच्या अर्ध्या भागात, डॅशबोर्डच्या खणात ती वही सापडली. वही इसाकु नागाहामा नावाच्या बॉक्सरची. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत भांडी घासता घासता तो बॉक्सिंग शिकला आणि जपानला परत आला, तेव्हा तिथल्या लोकांना हा खेळ नीट माहीतही नव्हता. एकसष्ट पानं, एकसष्ट लढती. प्रत्येक पानावर एक गोळा. भरलेला म्हणजे जिंकला, नुसतं कडं म्हणजे हरला. चव्वेचाळीस जिंकल्या, सतरा हरल्या. यार्डात येणाऱ्या जपानी एजंटांना चहा पाजून ह्यांनी एकेक पान समजून घेतलं आणि त्याचं चरित्र मराठीत लिहिलं.

साठ प्रकरणं पूर्ण आहेत. शेवटच्या पानावर नुसतं कडं आहे. त्या प्रकरणाचं फक्त नाव लिहिलंय, "लढत एकसष्टावी". खाली पान कोरं. सहा वर्षं तसंच. मी विचारलं की म्हणायचे, "जमत नाहीये गं. एवढा जिंकलेला माणूस शेवटी हरून घरी जातो, हे हातून लिहवत नाही."

ऑक्टोबरमध्ये वर्षश्राद्ध आहे. लोक स्टीलचे डबे वाटतात, मला हे पुस्तक छापून वाटायचंय. ह्यांचं एवढंच एक काम अर्धं राहिलंय. ते शेवटचं प्रकरण तुम्ही लिहा. मी सव्वीस वर्षं शाळेच्या लॅबमध्ये बाटल्यांवर लेबलं लावली, त्यापलीकडे मला लिहिता येत नाही. तुम्ही ह्यांचे मित्र, आणि तुम्हाला बोलायला कधी विषय कमी पडला नाही.

संध्या


साखरतर, रत्नागिरी
२ फेब्रुवारी २०२५

वहिनी, सलाम.

खजूर पोचले. कुलसुमने लपवले, मी शोधले, आता पुन्हा लपवलेत. डॉक्टरने साखर बंद केलीय असं ती म्हणते. डॉक्टर तिचा चुलतभाऊ आहे.

माझी तब्येत बरी. आवाज गेल्यापासून गावात माझा मान वाढलाय. पूर्वी लोक म्हणायचे, आला बडबड्या. आता गप्प बसलो की म्हणतात, विचारी माणूस. कुलसुम म्हणते, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिचं वाक्य पूर्ण होतंय.

तुम्ही लिहिलंत त्यात एक चूक आहे. जपानी एजंट चहाला यायचे नाहीत. ते तुमच्या थालीपिठाला यायचे. एका पानाच्या भाषांतराला एक थालीपीठ, असा गोपीने भाव ठरवला होता. त्यातले एक साकुमा-सान. त्यांनी तर एकदा योकोहामाहून फोन करून इंजिनांच्या आधी थालीपिठाची चौकशी केली. तुम्ही डब्यात चार द्यायचात ना? गोपी स्वतः एक खायचा. कधी कधी अर्धंच.

आणि तुम्हाला माहीत नसलेली दुसरी गोष्ट. तिसरं प्रकरण लिहून झाल्यावर त्याच्या मनात आलं की ठोसा म्हणजे काय हे कळल्याशिवाय पुढे लिहिणं बरोबर नाही. त्याने गोणपाटात चिंध्या भरल्या, गोणी फोर्कलिफ्टला टांगली आणि मारला ठोसा. गोणी मागे गेली. गोपी आम्हाला सांगायला वळला, "बघितलंत?" तेवढ्यात गोणी परत आली. जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाला, "नागाहामाही असाच शिकला असणार." घरी तुम्हाला काय सांगितलं होतं? बॉनेट लागलं, असंच ना?

आता तुमचं काम. प्रस्तावना मी आनंदाने लिहीन. शेवटचं प्रकरण मात्र मला सांगू नका. ते मला जमणार नाही. आणखी एक. पुस्तक छापाच, पण त्यातले आकडे काढून टाका. किती जिंकला, किती हरला, याची आज कुणाला पडलीय? माणूस कसा होता ते राहू द्या.

कुलसुम आठवण काढते. आमसुलं पाठवतोय.

तुमचा
रफिक


अल कुसैस
२५ फेब्रुवारी २०२५

रफिकभाऊ,

आमसुलं मिळाली. थालीपिठाचंही कळलं. ह्यांना माझ्या हातचं आवडतं म्हणून मी इतकी वर्षं पहाटे उठून चार थापत होते. हरकत नाही. वाया गेली नाहीत, जपानने खाल्ली.

बॉनेटचं मात्र जास्त लागलं. तेव्हा मी ह्यांच्या डोळ्यावर बर्फ धरला होता आणि ओवेसला फोन करून रागावले होते, की बॉनेट नीट टेकवता येत नाही का. काल त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "खलास काकी, सोडा आता, अठरा वर्षं झाली." म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

आता आकड्यांबद्दल. छापखान्यासाठी मी लाँगबुकं चांगल्या अक्षरात उतरवून काढतेय. प्रत्येक प्रकरणाची सुरुवातच लढतीचा नंबर आणि गोळा यांनी होते. ते काढले तर काय उरणार? आणि यार्डात येईल त्या गिऱ्हाईकाला "चव्वेचाळीस!" म्हणून तुम्हीच सांगायचात. आज तुम्हाला आकडे नकोत, हे काही तुमच्यासारखं नाही.

लॅबमध्ये बाटलीवर एक लेबल आणि आत दुसरंच काही असलं, तर मला लांबूनच कळायचं. इथेही तसंच काहीतरी आहे. नवव्या पानावर फोटो चिकटवलाय. नागाहामाचा एक डोळा पूर्ण सुजून बंद झालाय, आणि शेजारी उभा असलेला दुसरा माणूस हसतोय. पानावर काळा गोळा. तेविसाव्या पानावरही तसंच. मी दोन्ही पानं भिंगाखाली बघितली.

तुम्हाला काहीतरी माहीत आहे. रमजान तोंडावर आलाय, रोजे असताना मी तुमच्या मागे लागणार नाही. ईद झाली की लिहा. खरं लिहा. ऑक्टोबरपर्यंत पुस्तक पूर्ण व्हायचंय आणि चुकीचं लेबल लावून ते माझ्या हातून जाणार नाही.

कुलसुमला सांगा, खजूर दोन डबे पाठवलेत. एक लपवायला, एक तुमच्यासाठी.

संध्या


साखरतर
६ एप्रिल २०२५

वहिनी, सलाम.

ईद झाली. आता सबब उरली नाही, तेव्हा लिहितो.

आपल्या यार्डात इंजिन टेस्ट करून चालू झालं की त्याच्यावर पिवळ्या रंगाचा भरीव ठिपका मारायचो. सुरू झालं नाही तर नुसतं कडं. ही पद्धत गोपीनेच पाडली. त्यामुळे वही उघडली तेव्हा गोळ्यांचा अर्थ विचारायची त्याला गरजच वाटली नाही. भरलेला म्हणजे चालू. कडं म्हणजे बंद. नागाहामाने निकाल शब्दांत कुठेच लिहिलेला नाही. गाव, पाऊस, किती फेऱ्या, काय खाल्लं, कुठे दुखतंय, एवढंच. एजंट एकेक पान वाचून सांगायचे, खाऊन जायचे. गोळ्यांचा विषय निघालाच नाही.

२००९ मध्ये एकदा साकुमा-सान आले, तेव्हा गोपी पोर्टवर गेला होता. वही टेबलावर होती. त्यांनी सहज सगळी पानं उलटली आणि म्हणाले, "बिचारा! एवढ्या वेळा हरून पुन्हा उभा कसा राहायचा?" मी म्हटलं, कोण हरला? तेव्हा त्यांनी समजावलं. जपानमध्ये पांढरा गोळा म्हणजे जीत, काळा म्हणजे हार. त्यांच्या कुस्तीत पहिल्यापासून तसंच.

वहिनी, तो चव्वेचाळीस लढती हरला होता. जिंकल्या त्या सतरा.

ते वर्ष आठवतं ना? मंदीत गोपीचं स्वतःचं दुकान बंद पडलं आणि तो पुन्हा आपल्या यार्डात आला. ज्याने मला इंजिनाचा आवाज ऐकायला शिकवला, तो माझ्या हाताखाली कामाला लागला. दुपारी जेवताना सगळ्यांना सांगायचा, "चव्वेचाळीस लढती जिंकलेला माणूस आहे हा." आणि हे सांगताना जरा ताठ बसायचा. त्या महिन्यात मी त्याला काय सांगू? म्हटलं, पुढच्या महिन्यात. मग पुढच्या वर्षी. मग इतके दिवस का नाही सांगितलंस, याचं उत्तर शोधायची वेळ आली. साकुमा-सानना गप्प ठेवायला तुमची थालीपिठं कामी आली. दोनदोन द्यायचो.

पंधरा वर्षं मित्राला चुकीचं लिहू दिलं. म्हणून आकडे काढा म्हटलं. त्याच्या श्राद्धाला लोक त्याच्यावर हसायला नकोत. आता काय छापायचं ते तुम्ही ठरवा. मला काय बोलायचं ते बोला. उलट बोलायची माझी सोय नाहीच.

रफिक


अल कुसैस
२१ एप्रिल २०२५

रफिकभाऊ,

पत्र मिळालं.

कडं म्हणजे जिंकला. एकसष्टाव्या पानावर कडं आहे. म्हणजे शेवटची लढत तो जिंकला होता.

ह्यांनी सहा वर्षं ते पान कोरं ठेवलं. हॉस्पिटलमध्येसुद्धा मला म्हणाले, "ते एक राहिलं." तुमचं एक वाक्य पुरलं असतं.

छपाई थांबवलीय.

संध्या


साखरतर
१५ जून २०२५

वहिनी, सलाम.

मेमध्ये हापूसची पेटी पाठवली होती. ओवेस म्हणाला, काकींनी ठेवून घेतली आणि काही बोलल्या नाहीत. पेटी परत आली नाही, एवढ्यावर मी महिना काढला.

शेवटच्या पानाचं माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. ही सबब नाही. चव्वेचाळीस आणि सतरा, एवढंच मी धरून बसलो. कोणती लढत कुठे, हे बघितलंच नाही. तुमचं पत्र वाचलं आणि खाडीवर जाऊन बसलो. मला आवाजाची एवढी गरज याआधी कधी वाटली नव्हती.

कुलसुमला पत्र दाखवलं. ती म्हणाली, "तुम्ही गोपीभाऊंना जपत नव्हता. स्वतःला जपत होता. त्यांचा उतरलेला चेहरा तुम्हाला बघावा लागला असता." मी पाटीवर लिहिलं, तू माझ्या बाजूने आहेस की नाही? म्हणाली, नाही. तिचं बरोबर आहे.

माफ करा असं म्हणत नाही. फक्त पुस्तक थांबवू नका. माझ्यामुळे त्याचं एक पान राहिलं, आता सगळंच राहायला नको. प्रस्तावना दुसऱ्या कुणाकडून घ्या. माझं नाव कुठे आलं असेल तर खोडा.

रफिक


अल कुसैस
४ जुलै २०२५

रफिकभाऊ,

आंबे चांगले होते. दोन डागी निघाले.

मला लिहायला उशीर झाला. रागात लिहिलं की मी तीन ओळींत संपवते, ते तुम्ही बघितलंच. सध्या इथे बाहेर पाऊल टाकवत नाही इतकं ऊन आहे. अंतरा ऑफिसला, तिची पर्णिका समर कॅम्पला. घरात बसून ह्यांची साठ प्रकरणं पुन्हा वाचायला घेतली. हातात लाल पेन. म्हटलं, जिथे जिंकला तिथे हरला करावं, आणि हरला तिथे जिंकला.

नवव्या प्रकरणात, तो डोळा सुजलेला फोटो, त्याखाली ह्यांनी लिहिलंय, "विजयाच्या क्षणीही त्याने एक डोळा मिटून घेतला आहे. असा विनय आपल्याकडे दुर्मीळ."

तिथे मी पेन खाली ठेवलं.

तेविसावी लढत मनिलाची. "पंचांनी प्रतिस्पर्ध्याचा हात वर धरलेला दिसतो. पराभूताला धीर देण्याची तिकडे पद्धत असावी."

एकतीस. तिथे कडं आहे, म्हणजे हा खरा जिंकला होता, आणि फोटोत सगळे दात दिसताहेत. ह्यांनी लिहिलंय, "हरल्यावर कसं हसावं, हे नागाहामाकडून शिकावं."

आणि चौदावं प्रकरण. तुमच्याकडे झेरॉक्स आहे, काढून वाचा. फोटोत चार माणसं त्याला उचलून नेताहेत, एकाने पाय धरलेत. ह्यांचं वाक्य जसंच्या तसं देते. "आनंदाने बेभान झालेल्या चाहत्यांनी त्याला उचलून घेतलं, पण खांद्यावर नव्हे, तर जपानी शिस्तीनुसार आडवं."

रफिकभाऊ, मी हसायला लागले ते थांबेचना. अंतराचं त्या दिवशी घरून काम होतं, ती धावत बाहेर आली. तिला वाटलं मी रडतेय. ऑक्टोबरपासून मी हसले नव्हते, त्यामुळे तिचीही चूक नाही.

ह्यांना कुणाचाही चेहरा दाखवला की त्याला एक चांगलं कारण सापडायचं. तुमच्यासाठीही सापडलं असतं. तुम्ही सांगितलं असतंत तर दोन दिवस गप्प बसले असते. तिसऱ्या दिवशी म्हणाले असते, "मग तर हा त्याहून मोठा माणूस." आणि साठच्या साठ प्रकरणं नव्याने लिहून आपल्या दोघांना पुन्हा ऐकवली असती. तेवढं मात्र तुम्ही माझं वाचवलंत.

राग थोडा आहे अजून. तो राहील. लॅबच्या टेबलावर ॲसिडचा डाग पडला की जात नाही, पण टेबल वापरात राहतं.

आता मी ठरवलंय ते ऐका. ह्यांच्या साठ प्रकरणांतला एकही शब्द बदलायचा नाही. प्रस्तावना तुम्हीच लिहायची. एप्रिलमध्ये मला जे कळवलंत ते सगळं त्यात हवं. इंजिनावरचे ठिपके, साकुमा-सान, पंधरा वर्षं, थालीपीठ. म्हणजे लोक हसलेच तर आधी तुम्हाला हसतील, मग ह्यांच्यापर्यंत येतील. तोवर दमतील.

शेवटचं प्रकरण मी लिहिते. पण त्या पानावर फोटो नाही. फक्त एवढंच आहे, "कोबे. पाऊस. सहा फेऱ्या. डावा हात दुखतो. नंतर भात, दोन वाट्या, भाजलेला मासा." एवढ्यावरून काय लिहू? मला त्या खेळातलं काही कळत नाही.

संध्या


साखरतर
२० जुलै २०२५

वहिनी, सलाम.

चौदावं प्रकरण काढून वाचलं. हसलो की माझा नुसता वारा निघतो, आवाज नाही. कुलसुम घाबरून पाणी घेऊन आली. मग तिनेही वाचलं. मग आम्ही दोघं नुसता वारा.

प्रस्तावना सोबत आहे. सहा पानं झाली होती, कुलसुमने दोन काढली. म्हणाली, "यात पुस्तक कमी आणि तुम्ही जास्त." जिथे मी स्वतःची बाजू मांडली होती, नेमकी तीच दोन.

आता तुमचं एकसष्टावं पान. तुमचं पत्र आलं तेव्हापासून मी सगळ्या भाषांतरांच्या झेरॉक्स घेऊन बसलोय. गोपीला, साकुमा-सानना, मला, कुणालाच न दिसलेली एक गोष्ट दिसतेय. नागाहामा प्रत्येक पानावर काय खाल्लं ते लिहितो. पण काही पानांवर "आधी" लिहितो आणि काहींवर "नंतर". काळ्या गोळ्यांच्या पानांवर आधी. कड्यांच्या पानांवर नंतर. मी वीस पानं तपासली. बाकीची तुम्ही भाषांतर आणि वहीतले गोळे ताडून बघा, तुमचं भिंग काढा.

तोंड फुटलेल्या माणसाला जेवता येत नाही, वहिनी. ऑपरेशननंतर दोन महिने मी पेजेवर काढलेत, मला विचारा. "नंतर" लिहिलंय म्हणजे त्या दिवशी त्याचं तोंड शाबूत होतं. त्याचा तोच निकाल. तेव्हा तुम्हाला खेळातलं काही कळायची गरज नाही. जेवणातलं तुम्हाला कळतं.

एकच विनंती. विशेषणं घालू नका. होती नव्हती तेवढी गोपीने साठ प्रकरणांत संपवली आहेत.

रफिक


अल कुसैस
१२ ऑक्टोबर २०२५

रफिकभाऊ, कुलसुम,

परवा वर्षश्राद्ध झालं. ओवेस बुधवारी निघतोय, तुमच्या प्रती त्याच्याकडे दिल्यात. दहा आहेत. गावात वाटताना प्रस्तावनेचं पान दुमडून देऊ नका.

सगळी पानं मी तपासली होती. चव्वेचाळीस आधी, सतरा नंतर. एकही इकडचं तिकडे नाही.

बर दुबईहून भटजी आले. चाळीसेक माणसं होती, यार्डातलेही आले. विधी आटोपल्यावर अंतरा म्हणाली, पुस्तक नुसतं हातात देण्याऐवजी कुणीतरी थोडं वाचा. तुमची प्रस्तावना ओवेसने वाचली. अडखळत वाचतो, पण ते बरंच झालं, कारण प्रत्येक थांब्यावर लोकांना हसायला वेळ मिळाला. त्याच्या पुढे त्याने आपणहून चौदावं प्रकरणही वाचलं. "जपानी शिस्तीनुसार आडवं" आलं आणि सगळा हॉल हसला. अंतरा घाबरून माझ्याकडे बघत होती, की आईला आज हे चालतंय का. मीच सगळ्यांत आधी हसले होते. भटजींनी एक प्रत घेतली आणि जाताना साडूसाठी दुसरी मागितली.

आता ऐका. पर्णिकाला मराठी पटकन वाचता येत नाही. तिला शेवटच्या पानाचं मी तोंडी सांगितलं. ती म्हणाली, "सो ही वन?" मी म्हटलं, हो. मग म्हणाली, "डिड आजोबा नो?" मी म्हटलं, नाही, त्यांना नव्हतं माहीत. तिने जरा विचार केला आणि मला म्हणाली, "देन टेल हिम, ना."

ह्यांचं ताट बाल्कनीत वाढून ठेवलं होतं. कावळ्याचा पत्ता नव्हता, कबूतर आलं. भटजी म्हणाले, चौथ्या मजल्यावर तेच येतं, चालतं. सगळे आत जेवायला बसले तेव्हा मी स्टूल घेऊन ताटापाशी गेले आणि पुस्तकाचं शेवटचं पान वाचलं. मोठ्याने. तुम्हाला माहीत आहे, मला त्याची सवय नाही. फार नाही, एवढंच आहे:

"लढत एकसष्टावी. कोबे. त्या दिवशी पाऊस होता. सहा फेऱ्या झाल्या. नागाहामाचा डावा हात दुखत होता. त्याआधी तो चव्वेचाळीस वेळा हरला होता आणि सोळा वेळा जिंकला होता. ही लढत तो जिंकला. नंतर तो दोन वाट्या भात आणि भाजलेला मासा जेवला. यापुढे वहीत काही लिहिलेलं नाही. तो घरी गेला असावा."

वाचून झाल्यावर स्टूल उचललं. मग आत येऊन सगळ्यांच्या पंगतीत जेवायला बसले. अंतराने भात वाढला. मी दोनदा घेतला.

संध्या